आईचा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ३८, कोलेस्टेरॉल पण वाढलेलं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, आम्ही सिंहगड रोडला राहतो. दोन महिन्यांपूर्वी तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २७२ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १८१ आलं. डॉक्टरांनी लगेच स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) चालू केली आणि घरात तूप, खोबरं, साबुदाण्याची खिचडी सगळ्यावर बंदी आली. मावशीचा तर रोज फोन, "ताई, तुला तुपानेच घात केला." अहो, वरणभातावर अर्धा चमचा तूप घेते ती, तेही आम्ही आग्रह केला तर!

पंधरा दिवसांत मांड्या-पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना कठडा धरून चढते, आणि ही बाई दर रविवारी पर्वती चढायची. आम्ही म्हटलं वय झालं. पण भर एप्रिलमध्ये पंखा बंद करा म्हणते, पेपर हातात धरून तशीच झोपते, बांगड्या साबण लावूनही निघेनात, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. नाडी ५४, टीएसएच ३८ म्हणजे खूप जास्त, फ्री टी४ (थायरॉइडचं हार्मोन) कमी, थोडक्यात थायरॉइड मंदावलाय. त्यांनी स्टॅटिन तूर्त थांबवून थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दिलीय आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितलाय.

कोलेस्टेरॉल थायरॉइडमुळेच वाढलं असेल का? २५ फारच कमी नाही का, चुलतबहिणीला थेट ७५ दिली होती. आणि इको कशाला, हार्टला काही झालंय का? रात्री झोप नाही मला.

कोथरूडची काकू: आमच्या ह्यांचं सेम. चार महिन्यांत एलडीएल १९० वरून १२५, नुसत्या थायरॉइडच्या गोळीवर. तूप सोडून खारी-बिस्किटांवर आलेले बरेच बघितलेत मी, त्यापेक्षा तूप परवडलं.

मेडिसिनवाला: रक्तातलं एलडीएल उचलायला लिव्हरवर रिसेप्टर असतात, थायरॉइड हार्मोन कमी पडलं की तेही कमी होतात. म्हणजे सोसायटीत कचरा रोजचाच, पण घंटागाडी आठवड्यातून एकदा, मग साठणारच. अशी वर्षं गेली तर रक्तवाहिन्यांत चरबी बसते, खालचं बीपी पण वाढतं, म्हणून दुर्लक्ष नको.

थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने स्नायू दुखायची शक्यता वाढते, तेव्हा सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायचं का ते विचारा. २५ बरोबर आहे. हार्मोन वाढलं की हृदयाचं काम वाढतं, या वयात आत कुठे ब्लॉकेज असेल आणि डोस एकदम चढवला तर छातीत दुखू शकतं, ठोके बिघडू शकतात. चुलतबहीण तरुण असणार. इको घाबरून नाही, कधीकधी हृदयाभोवती पाणी साठतं ते बघायला, आणि ते बहुतेकदा गोळ्यांनीच ओसरतं. टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी परत, लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) मात्र टीएसएच ताळ्यावर आल्यावर. तरी एलडीएल खाली आलं नाही तर स्टॅटिन लागेल, तेव्हा ती कायमची गेली असं धरू नका. छातीत दुखलं, दम लागला, फार गुंगी वाटली तर मात्र इथे विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बाय द वे, गोळी घेतात कशी? उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम, लोह यांच्यात चार तासांचं अंतर.

धागाकर्ती: अरे देवा! साडेपाचला बशीतल्या चहाच्या घोटाबरोबर घेते हो ती, कॅल्शियमची पण तेव्हाच, "एकदाच सगळं उरकलं" म्हणत. कॅल्शियम आजपासून रात्रीच्या जेवणानंतर. चहाचा डबा वरच्या फळीवर लपवलाय, उद्या सकाळी माझं काही खरं नाही.