राजा गेला, नेपोलियन आला, मग बदललं काय? (एका पोस्टवर चिडून काढलेला धागा)

दप्तरदार:
काल बांधावरचा यांनी लिहिलं की फ्रेंच क्रांती म्हणजे इतिहासातला सगळ्यात महागडा खुर्चीबदल. लुईचं मुंडकं उडवलं, दहा वर्षं रक्त सांडलं आणि शेवटी नेपोलियन नावाचा नवा राजा बसवला, जनतेच्या हाती भोपळा. खाली नुसती वाहवा. मी प्रतिसाद द्यायला बसलो तर तो इतका लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढू.

अहो, दोघं एकाच खुर्चीवर बसले हेच मुळात खोटं आहे. सोळावा लुई कागदावर निरंकुश होता, पण त्याला सरदारांच्या जमिनीवर साधा कर बसवता येईना. १७८७ मध्ये त्याने बड्या लोकांची सभा भरवून विचारून पाहिलं, त्यांनी हात वर केले. पॅरिसचं पार्लमां, म्हणजे तिथलं वरचं कोर्ट, त्याचे हुकूम दप्तरी नोंदवून घ्यायला नकार देत होतं. आणि ते न्यायाधीश तरी कोण, तर पैसे मोजून जागा विकत घेतलेले. १६०४ पासूनची सोय होती, दरवर्षी जागेच्या किमतीचा साठावा भाग सरकारात भरायचा की ती जागा आपल्यामागे पोराला. आपल्याकडच्या वतनदारीची ज्यांना माहिती आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मिठाचं बघा. काही प्रांतांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ सरकारी भावाने घ्यावंच लागे, आणि शेजारच्या ब्रिटनी प्रांतात हा करच नाही. त्यामुळे सरहद्दीवर बायकापोरांसकट सगळे मिठाचे चोरटे व्यापारी. हे राज्य म्हणायचं का सवलतींची गोधडी?

४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेत ती गोधडी फाटली. विकत घेतलेल्या जागा गेल्या, करमाफी गेली, चर्चचा दशमांश गेला. १७९० ला प्रांत मोडून नद्याडोंगरांच्या नावाचे ८३ जिल्हे केले. १८०० ला नेपोलियनने प्रत्येक जिल्ह्यावर पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट, म्हणजे सरकारी अधिकारी, बसवला. लुईला जे सात जन्मात जमलं नसतं ते याला जमलं, कारण मधले सगळे दलाल क्रांतीने आधीच उडवले होते. माझं म्हणणं एवढंच: सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे गेली नाही, सत्तेचा सांगाडाच बदलला.

बांधावरचा:
वा! म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत, फक्त जास्त अवघड शब्दांत. दलाल गेले आणि सरकार थेट शेतकऱ्याच्या मानगुटीवर बसलं, हाच तो सांगाडा ना?

४ ऑगस्टच्या रात्रीचं कौतुक पुरे झालं. जमिनीवरची सरदारांची देणी त्या रात्री माफ झाली नव्हती, ती 'विकत घेऊन सोडवा' असा कायदा झाला. रोखीचं देणं असेल तर वर्षाच्या वीस पट, धान्याचं असेल तर पंचवीस पट एकरकमी भरा. कुठून आणणार होता तो? फुकटात माफी मिळाली ती जुलै १७९३ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी, ते सुद्धा शेतकऱ्यांनी सरदारांचे वाडे गाठून देण्याच्या वह्या चुलीत घातल्या तेव्हा. सभेतल्या वकिलांनी काही दिलं नाही, त्यांच्याकडून हिसकावून घ्यावं लागलं.

आणि पश्चिम फ्रान्समधल्या वाँदेचं नाव नाही घेतलंत ते? फेब्रुवारी १७९३ मध्ये तीन लाख माणसं सैन्याला द्या म्हणून फर्मान निघालं आणि मार्चमध्ये वाँदे पेटलं. लाखाच्या वर माणसं मेली तिथे, बहुतेक गरीब शेतकरीच. लुईला अशी पोरं उचलून नेता येत नव्हती हो! ही तुमची प्रगती. आणि तो मिठाचा कर, तोही नेपोलियनने १८०६ ला परत आणला.

दप्तरदार:
आणला, पण सगळ्यांना सारखा, आणि ब्रिटनीची सूट परत दिली नाही. मी सांगतोय ते तुम्हीच सिद्ध करताय. वह्या जाळल्याचं मात्र तुम्ही बरोबर सांगितलंत, ते नाकारायचं कारण नाही.

बांधावरचा:
'सारखा' लुटला म्हणून आनंद मानायचा. छान.

तिरफळ:
दोन्ही काकांनो, करांच्या बाहेर या जरा. सत्ता म्हणजे फक्त राजा आणि शेतकरी का? घरातली सत्ता कोणी मोजणार आहे की नाही?

१७९२ मध्ये फ्रान्समध्ये दोघांच्या संमतीने घटस्फोट मिळायला लागला. वारसाहक्कात मुलीला मुलाइतका वाटा आला. आणि मग १८०४ ला तुमच्या त्या नेपोलियनच्या कोडात, म्हणजे नागरी कायद्यात, चक्क कलम २१३ की बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं. १८१६ ला घटस्फोट पण बंद, तो परत आला १८८४ ला. मताचा हक्क १९४४. नवऱ्याला न विचारता नोकरी करायची आणि स्वतःचं बँक खातं उघडायचं तर १९६५ उजाडलं! सांगाडा बदलला म्हणे. घरातला तसाच ठेवून बाहेरचा बदलला.

पण मुलीच्या वाट्याचं तेवढं टिकलं, आणि ते मला माहिती आहे कारण मी गोव्याची. आमच्याकडे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड, जो नेपोलियनच्या कोडावरून आला, १८७० पासून चालू आहे. लग्न झालं की अर्धं बायकोचं. माझ्या बाबांना भाटाचा (नारळीच्या बागेचा) एक तुकडा विकायचा होता, आईने सही केली नाही, विषय संपला. बाबा दोन महिने तिच्याशी धड बोलले नाहीत पण भाट अजून आहे. पुण्यात लग्न होऊन आले तेव्हा सासरच्यांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी थापा मारतेय.

अटकेपार:
तपशिलात गडबड. कोडाचा साचा नेपोलियनचा हे ठीक, पण 'अर्धं बायकोचं' हे नेपोलियनचं नाही. ती पोर्तुगालची राजांच्या काळापासूनची रीत, १६०३ च्या त्यांच्या जुन्या कायद्यातसुद्धा आहे. म्हणजे ज्याचं श्रेय तुम्ही क्रांतीला देताय ते राजेशाहीचं आहे. शिवाय सगळ्यांना एकच कायदा असं जे सांगितलं जातं तेही अर्धवट, हिंदूंसाठी १८८० चा वेगळा हुकूम होता आणि त्यात ठरावीक अटींवर दुसरं लग्न चालत होतं.

तिरफळ:
मी फक्त मुलीच्या वाट्याचं श्रेय दिलं होतं, परत वाचा. पण अर्धा हिस्सा राजाने दिला असेल तर राजाचे आभार, मला काय, आईची सही तर चालली ना! आणि १८८० चं मला सांगू नका, आमच्या घरातच एक आजोबा आहेत त्या अटीतले. हिंदूंना बरोबरीने सरकारी नोकरीत जागा मिळाली तीही १९१० ला पोर्तुगालचा राजा पळाला आणि प्रजासत्ताक आलं तेव्हा. हे लिस्बनला घडलं आणि फोंड्याला कळलं. सत्ता बदलते ती अशी, तुमच्या वाड्याच्या वह्या पणजीत कोणी जाळल्या नव्हत्या.

सुगरणनाही:
ताई, तुमच्या आईला सलाम, पण कायद्यात वाटा असणं आणि हातात पडणं यात फार अंतर आहे. आमच्याकडे (मराठवाडा) १९९४ ला राज्याचा कायदा झाला, २००५ ला केंद्राचा झाला, आणि २०१५ नंतर माझ्या आईने, मावशीने, दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कोणी बळजबरी केली नाही. मामाने गाडी पाठवली, तालुक्याला नेलं, रजिस्ट्रारसमोर अंगठे उमटवले, फोटो काढले, येताना हॉटेलात डोसा आणि घरी आल्यावर एकेक साडी. बागायत साडेतीन एकर होती. आई म्हणाली माहेर तुटेल. साडीचा फॉल सुद्धा लावलेला नव्हता.

चहाबाज:
फॉल नव्हता हे वाचून मी हक्कसोड रद्द करण्याच्या बाजूने.

बांधावरचा:
भावाची बाजू कोण सांगणार? साडेतीन एकराचे चार तुकडे केले तर ट्रॅक्टर वळायला जागा राहत नाही. म्हातारा-म्हातारीचं दवाखान्याचं कोण बघतं, आजारपणात रात्री कोण उठतं? माझ्या बहिणींनी सह्या केल्यात आणि दर दिवाळीला राहायला येतात. तुम्हाला सगळीकडे कट दिसतो.

सुगरणनाही:
माझ्या आजीचं शेवटचं वर्ष माझ्या आईने काढलं, मामाकडे ती आठ दिवस पण टिकली नाही. रात्री कोण उठतं ते मला नका शिकवू. आणि कट नाही म्हटलं मी, डोसा म्हटलं.

बांधावरचा:
प्रत्येक घर तुमच्या मामाचं नसतं. फ्रेंच क्रांतीवर बोलत होतो, ते माझ्या घरावर आणलंत.

दप्तरदार:
मंडळी, शांत. गंमत अशी की हा झगडा फ्रान्समध्ये शब्दशः झालाय, त्यामुळे धागा भरकटलाय असं मला वाटतच नाही. उत्तरेकडच्या नॉर्मंडी प्रांतात मुलीला लग्नात दिलं ते दिलं, वाडवडिलांच्या इस्टेटीत वाटा नाही. जानेवारी १७९४ च्या कायद्याने सगळ्या मुलांना समान वाटा दिला आणि तोही मागे जाऊन, १४ जुलै १७८९ पासून लागू. झालं, मधल्या काळात बाप वारलेल्या बहिणींनी सख्ख्या भावांवर दावे लावले. भावांचे अर्जावर अर्ज पॅरिसला, की घरं फुटली, शेती मोडली, अगदी बांधावरचा यांच्याच शब्दांत. १७९५ ला सरकारने 'मागे जाऊन' हा भाग रद्द केला. पुढचा वाटा मात्र राहिला. आता सांगा, १७८८ मध्ये नॉर्मंडीतली एखादी शेतकऱ्याची पोरगी समान वाट्यासाठी भावाला कोर्टात खेचू शकली असती का?

बांधावरचा:
आणि दक्षिणेतल्या पिरेनीज डोंगरांच्या बाजूला काय झालं ते सांगत नाही तुम्ही. तिथे कोड आल्यावरही घर एकाच वारसाकडे ठेवायच्या युक्त्या चालूच राहिल्या. जमिनीची किंमत कमी लावायची, बाकीच्यांनी वाटा सोडायचा. हक्कसोडच की. कायदा पॅरिसचा, घर ज्याचं त्याचं.

तिरफळ:
म्हणजे हक्कसोड ही जागतिक संस्कृती आहे, अभिनंदन.

अटकेपार:
सगळे मुली, मीठ आणि ट्रॅक्टरमध्ये अडकलेत, हैतीचं कोणी बोललं नाही. फेब्रुवारी १७९४ मध्ये क्रांतीने गुलामगिरी बंद केली, कारण साँ-दोमँगमधल्या (फ्रान्सची वसाहत, तीच पुढची हैती) गुलामांनी १७९१ पासून उठाव करून ती आधीच मोडत आणली होती. १८०२ ला नेपोलियनने ती परत आणली. गुलामांचा नेता तूसाँ याला पकडून फ्रान्सच्या थंड किल्ल्यात ठेवलं, तिथे तो १८०३ ला मेला. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र, आणि १८२५ ला फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, नंतर ती ९ कोटीवर आली. सुटलेल्या गुलामांनी मालकांना पैसे द्यायचे! सांगाडा बदलला हे दप्तरदारांचं खरं असेल, पण तो कोणाच्या अंगावर उभा होता तेही लिहा.

दप्तरदार:
लिहायला हवं होतं. यावर वाद नाही.

बांधावरचा:
अरे वा, दप्तरदारांचा वाद संपला! तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

बरं, मी पण उदार होतो. 'काहीच बदललं नाही' यातलं 'काहीच' मागे घेतो. बदललं. पूर्वी चार जण लुटत होते, नंतर एक जण पावती देऊन लुटायला लागला. आणि पावती हातात असली की निदान भांडता येतं, एवढं दप्तरदारांना माझ्याकडून दिवाळी भेट. वाँदेच्या लोकांना ती पावती मिळाली नाही, तेवढं मात्र मी सोडणार नाही.

सुगरणनाही:
आमच्याकडे पावती मामाच्या कपाटात आहे.

चहाबाज:
एक गंभीर प्रश्न. हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की नंतर मोडता येतं का? माझ्या आत्याचं प्रकरण आहे, आणि भाऊ म्हणजे माझे वडीलच आहेत, त्यामुळे घरात विचारता येत नाहीये.

अटकेपार:
फसवणूक किंवा दबाव सिद्ध झाला तर कोर्टात जाता येतं, पण मुदतीची भानगड असते. आत्याला आधी वकील गाठायला सांगा. आणि वडिलांना हा धागा दाखवू नका.

बांधावरचा:
दाखवा, दाखवा. त्यांचीही बाजू ऐकू द्या.