वायगावची हळद: गुण बेण्याचा की मातीचा?

काळी_माती_समुद्रपूर: आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीवर कालच्या पोस्टीत एका दादानं ठोकून दिलं, "कुरकुमिन, म्हणजे हळदीचं पिवळं द्रव्य, जीनमध्येच ठरलेलं असते. वायगावचं बेणं कुठंही लावा, हळद तीच. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नुसती जाहिरात." वाचून डोकं फिरलं. राजेहो, हळदीच्या बहुतेक वाणांना बी धरतच नाही, गड्ड्यावर चालते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जीन तेच. तरी एकच वाण दोन गावांत लावा, कुरकुमिन वेगळं भरते. कायले? घरात पंखा आहे, पण भारनियमन असलं तर फिरते का? कुरकुमिन जोडणाऱ्या एन्झाइमांचे जीन गड्ड्यात असतातच. ते किती जोरात चालतील, हे ऊन-पाणी, अन्नद्रव्यं, पिकाचं वय यावरही जाते. 2016 साली जीआय मिळाला तो उगाच नाही.

नागपूरकर_बायोटेक: तो दादा मीच. मग एकाच शेतात, एकाच खतावर एक वाण दोन-तीन टक्क्यांवर अडतो आणि दुसरा पाच ओलांडतो, ते कशानं? तिथं माती तर एकच आहे! जीन चालू-बंद करणारे नियंत्रकही जीनमधूनच येतात. सदाफुलीतला ओर्का3 नावाचा नियंत्रक बघा, 2000 सालचं काम. अळीनं पान कुरतडलं की जास्मोनेट हे इशारा देणारं संप्रेरक वाढतं, ते ओर्का3 ला जागं करतं आणि तो अल्कलॉइडच्या, म्हणजे झाडातल्या औषधी द्रव्यांच्या, वाटेवरचे कितीतरी जीन एकदम चालवतो.

काळी_माती_समुद्रपूर: पुढचं कायले गाळलं? नुसता ओर्का3 वाढवला तर पेशींत अल्कलॉइड वाढलं नाही. लोगॅनिन हा त्याचा कच्चा माल बाहेरून घातला तेव्हा वाढलं. कच्चा माल नसला तर तुमचा ओर्का3 मुकादम काय करणार?

धुऱ्यावरचा: तुमचे टक्के तुम्हालाच लखलाभ. आमचा व्यापारी हळकुंड मोडते, रंग पाहते अन् भाव सांगते. टक्के इचारले तर हासते. सफेद मुसळीच्या, त्या औषधी मुळांच्या, वेळी मात्र सगळ्यायले टक्के आठवले! एका कंपनीनं बेणं महाग इकलं, वापस घेतो म्हणे. मायनं अंगणात बसून एकेक मूळ चाकूनं सोललं, बोटं चिरली. माल न्यायच्या वक्ती म्हणे, "सॅपोनिन, मुळातलं औषधी द्रव्य, कमी हाये." कोणी तपासलं, कुठं तपासलं, कागद नाही. मंग फोनच बंद.

हिंगणघाटची_सून: आमच्याकडेही तेच. पोतं माळ्यावर किडलं.

नागपूरकर_बायोटेक: विषय हळदीचा आहे. करार न वाचता लालचेनं सही केली, त्याला विज्ञान काय करणार?

धुऱ्यावरचा: लालच? एसीत बसून बोलणं सोपं हाये, साहेब. एक डाव हळद शिजवाले या, कढईजवळ उभं राहून दाखवा.

हिंगणघाटची_सून: त्या पोस्टीत जीनच्या जागी कंपनीचं नाव टाका, मुसळीवाल्यांचं भाषण तयार. तेही "बेणं बदला"च म्हणत होते.

नागपूरकर_बायोटेक: बरं बाबा, "कुठंही लावा, हळद तीच" हे जास्त झालं. पण कमी कुरकुमिनच्या वाणाला वायगावची मातीही सहा टक्क्यांवर नेणार नाही, एवढं तरी मान्य करा.

काळी_माती_समुद्रपूर: केलं. उपकार झाले तुमचे.

धुऱ्यावरचा: मंग तपासणीचा खर्च कोण देते? हळकुंड मी देतो.

नागपूरकर_बायोटेक: एका नमुन्याचा मी देईन. पावडर नको, अख्खी हळकुंडं पाठवा. जेठे, म्हणजे मधले मातृगड्डे, वेगळ्या पिशवीत.

धुऱ्यावरचा: अन् कागद मराठीत पाहिजे. सहीसकट.