ओबुआसीचा अशांती गोल्ड: खाणीने मारला की मालकांनी?

रिकामटेकडा_रेफ्री:
परवा इथेच एकाने घानातल्या ओबुआसी या सोन्याच्या खाणीच्या गावातल्या फुटबॉल क्लबबद्दल ठोकून दिलं, "अशांती गोल्ड म्हणजे खाणीच्या पैशाचा फुगा. खाण बसली, फुगा फुटला. ओबुआसीएवढ्या गावाने व्यावसायिक क्लबच्या फंदात पडूच नये." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

1978 मध्ये खाण कंपनीने क्लब काढला, मान्य. पण 1993-94 पासून सलग तीन वेळा घानाची लीग जिंकली, ती कुमासीचा कोटोको आणि अक्राचा हार्ट्स या बड्या क्लबांच्या नाकावर टिच्चून. 1997 ला आफ्रिकन चॅम्पियन्स लीगची फायनल: घरी 1-0, कॅसाब्लांकात 0-1, शेवटी तिथल्या राजा क्लबकडून पेनल्टीवर हार. आणि 2014 अखेर भूमिगत काम थांबून हजारो कामगार घरी बसले, त्यानंतर 2015 ची लीग कोणी जिंकली? फुगा म्हणे!

हिशेबतपासनीस:
तो "एकाने" म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. 2015 चं तुणतुणं पुरे. खाण बंद झाली म्हणून संघ दुसऱ्या दिवशी खेळणं विसरत नाही. प्रश्न पुढच्या दहा वर्षांच्या पगाराचा असतो. कोटोकोमागे अख्खं कुमासी उभं आहे. ओबुआसी तिथून साठेक किलोमीटर. कंपनीने हात काढल्यावर खर्च कोण करणार, गलामसेवाले, म्हणजे बेकायदा सोनं खणणारे?

तारक्वाकर:
साहेब, गलामसेवाल्यांना हसू नका. मी नोकरीनिमित्त त्या भागात होतो. रविवारी ट्रोट्रोत (तिथल्या शेअर मिनीबसमध्ये) कोंबून ओबुआसीच्या लेन क्ले स्टेडियमला जायचो. डोक्यावर घमेलं घेऊन पाण्याच्या पिशव्या विकणारी बाई गोल झाला की घमेलं खाली ठेवून नाचायची, मग सुट्टे पैसे द्यायची. ही माणसं कंपनीच्या पगारावर नव्हती. गावाचा क्लब होता तो.

हिशेबतपासनीस:
नाचून पगार होत नाहीत.

कडू_कारलं:
खाण, गाव, नाच... आणि 17 जुलै 2021 सोयीस्कर गुंडाळलंत! हंगामाचा शेवटचा दिवस, आधीच खालच्या लीगमध्ये घसरलेल्या इंटर अलाइज क्लबवर अशांती गोल्डचा 7-0 विजय. त्यातले शेवटचे दोन गोल अलाइजच्या बदली खेळाडूने, हाशमिन मुसाने, स्वतःच्याच जाळ्यात मारले. नंतर उघड सांगितलं की 5-1 वर सट्टा लागल्याचं कानावर आलं होतं, म्हणून खेळ बिघडवला. मे 2022 मध्ये दोन्ही क्लब थेट तिसऱ्या पातळीच्या डिव्हिजन टूमध्ये, अशांती गोल्डचे अध्यक्ष क्वाकू फ्रिम्पाँगवर 10 वर्षं बंदी. घ्या तुमचा गावाचा क्लब.

पुराव्यानिशी_बोला:
मुसा हिरो आहे. संपलं.

कडू_कारलं:
हिरो? स्वतःच्या संघावर दोन गोल मारून? आधी तक्रार करायची होती.

पुराव्यानिशी_बोला:
कोणाकडे? 2018 मध्ये खुद्द फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष न्यान्टाकी छुप्या कॅमेऱ्यासमोर पैसे घेताना दिसला होता. तक्रारीचं मला सांगू नका. एका निविदेतला घोळ मी लेखी कळवला, तर निविदा तशीच मंजूर आणि माझी बदली. घोळ करणारे अजून त्याच खुर्चीत. सरळ मार्गाने जाणाऱ्याचं काय होतं ते मला विचारा.

कडू_कारलं:
तुमच्या बदलीचं ओबुआसीला काय? उद्या प्रत्येक बचावपटू म्हणेल, मी सट्टा मोडत होतो!

पुराव्यानिशी_बोला:
तुम्ही कधी वरिष्ठांविरुद्ध कागदावर सही केली आहे का? नसेल तर गप्प बसा.

तारक्वाकर:
मला मुसा पटतो. पण 5-0 होईपर्यंत मैदानावर असलेल्या बाकीच्यांचं काय? त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

कडू_कारलं:
बरं बाबा, मुसाचा हेतू चांगला होता. फुलं वाहा. पद्धत चूकच.

रिकामटेकडा_रेफ्री:
गाडी रुळावर आणा! 2019 च्या डिसेंबरात खाणीतून पुन्हा सोनं निघू लागलं. क्लब गाळात गेला त्यानंतर, 2022 ला. मग खाणीने मारला कसा? मारला तो चालवणाऱ्यांनी.

हिशेबतपासनीस:
खाण सुरू झाली म्हणजे कंपनीने क्लब परत घेतला असं नाही. तो एका धनिकाच्या खिशात गेला होता, आणि लहान गावात दुसरा खिसा नसतो. माझा मुद्दा तोच होता. 2015 तुमचं, फ्रेम करून भिंतीवर लावा.

पुराव्यानिशी_बोला:
पण मुसालाही शिक्षा झालीच ना? त्यावर कोणी बोलणार आहे का?