जुन्या सर्फबोर्डला फॉइल लावायचंय, ट्रॅक बसवू की सरळ आरपार बोल्ट मारू?

भाट्येकर_७२
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ७ फूट २ इंचाचा एक जुना फनबोर्ड आहे, गोव्यातून सेकंडहँड घेतलेला, नाक फुटलंय म्हणून २ वर्षं पडवीत लाकडांच्या मोळीवर पडलाय आणि आई रोज विचारते हे धूड कधी हलवणार. आता मुंबईच्या मित्राने त्याचं जुनं फॉइल मला देऊन टाकलंय (बोर्डाखाली दांड्यावर लावायचा पाण्यातला पंख, वेग आला की बोर्ड पाण्याबाहेर उचलतो), ७० सेंमीचा अल्युमिनियम मास्ट म्हणजे तो दांडा, पुढचा विंग म्हणजे पंख साधारण १६०० चौरस सेंमी, वरच्या प्लेटला ४ भोकं. नवीन फॉइलबोर्डाची किंमत बघून लॅपटॉप बंद केला. तर विचार असा की ह्याच बोर्डाला खालून २ ट्रॅक (बोल्ट अडकवायच्या खाचेच्या पट्ट्या) बसवायचे, फिन म्हणजे शेपटाखालची छोटी पाती आहेत तिथेच, चालेल ना? की भोकं पाडून एम८ बोल्ट आरपार आणि वर स्टीलची पट्टी? आमच्याकडे होड्यांचं फायबर करणारा एक जण आहे तो म्हणतो आणा, दोन तासांत करून देतो. वजन माझं ७५. फॉइल आजवर एकदाही चालवलेलं नाही हेही सांगून टाकतो.

कर्देकर
दोन तासांत करून देतो म्हणाला ना, तिथेच थांब. मीही असाच एकाकडे दिला होता, त्याने खालून खाचा मारल्या, ट्रॅक ठेवले, रेझिन ओतलं, वरून घासून एकदम झकास. तिसऱ्या दिवशी आडवा पडलो आणि दोन्ही ट्रॅक फोमच्या ढेकळासकट बाहेर, दाढ मुळासकट उपटावी तसे. पाण्यात तरंगायला लागलो ते बोर्ड एकीकडे, मी एकीकडे, आणि फॉइल तळाला.

कारण साधं आहे. फिनवर जोर येतो तो थोडासा, आणि फिन लहान असते. फॉइल म्हणजे बोर्डाला लावलेली पहार. हिशोब कर, खाली विंगला ४० किलोचा आडवा धक्का बसला, दांडा ७० सेंमी, दोन ट्रॅकमधलं अंतर ९ सेंमी (हे सगळीकडे ठरलेलं आहे, मध्यापासून मध्यापर्यंत ९० मिमी), म्हणजे एका ट्रॅकला ३०० किलोच्या वर ओढ. बोर्डातला फोम अंगठ्याने दाबला तर दबतो, तो काय धरणार. म्हणून ट्रॅक नुसते खालच्या कातडीत अडकवायचे नसतात, ती ओढ वरच्या डेकपर्यंत पोचवायला लागते. तेवढा भाग आरपार पोकळ करायचा, खालच्या फायबरपासून वरच्या फायबरला भिडेल असा कडक पीव्हीसी फोमचा ठोकळा बसवायचा, एच८० म्हणून मिळतो, घनमीटरला ८० किलोवाला, आणि ट्रॅक त्या ठोकळ्यात. मग खालून २-३ थर फायबरचं कापड, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बोटभर मोठा. वर डेकलाही तेच, ते विसरतात लोक आणि मग टाचेखाली डेक खचतं.

मालवणी_गेलकोट
अरे बाबा माझा आयक आधी. मी मालवणात होड्यांचा फायबरचाच काम करतंय, म्हणान सांगतंय, होडीवालो जा रेझिन वापरता ता पॉलिस्टर. तुझ्या बोर्डात आतसून थर्माकोल असात तर पॉलिस्टर लागल्याबरोबर ता विरघाळता, वरसून बोर्ड बरो दिसतलो आणि आत बीळ. आतसून पीयू (पॉलियुरेथेन) फोम असलो तर काय होणा नाय. तेव्हा आधी बघ खयचो फोम आसा. नाक फुटलाच हा ना तुझा, थयसून चिमूटभर फोम काढ, अंगणात ठेव, पेट्रोलचो एक थेंब टाक. विरघाळलो काय थर्माकोल.

थर्माकोल असलो तर इपॉक्सीच होई, ता दुसऱ्या जातीचा रेझिन. आणि इपॉक्सीबरोबर होडीची ती तुकड्यांची मॅट वापरू नको, त्या मॅटीचा बाइंडर, म्हणजे तुकडे धरून ठेवणारा डिंक, पॉलिस्टरातच विरघाळता, इपॉक्सीत ती कडकच रवता, भिजणा नाय. विणलेला कापड घे. मिक्स वजनकाट्यार कर, अंदाजपंचे नको, इपॉक्सीत हार्डनर वायच ज्यास्त घातलो म्हणान लवकर सुकणा नाय, चिकट रवता. आणि एकदम वाटीभर ओतू नको, आपल्या हवेत ता तापता, धूर येता, थर्माकोल आतल्याआत वितळता. थोडा थोडा. कापड लावायचा ता सांजचा लाव. सकाळी लावलंस तर ऊन वाढता तसो फोमातलो वारो फुगता आणि कापडाखाली फोड येतत.

वेंगुर्ला_वारा
वरच्या दोघांचं बरोबर, पण कर्देकर, माझं थोडं वेगळं मत आहे. पडवीतल्या फुटक्या बोर्डावर एवढा खर्च कशाला? पहिल्या सीझनला आरपार बोल्ट वाईट नाहीत, उलट ओढ आपोआप डेकवर जाते, तूच म्हणतोस तसं. फक्त भोकं पाडून तसेच बोल्ट घालायचे नाहीत. १५-१६ मिमीचं भोक पाडायचं, जाडसर केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरायचं, सुकलं की त्यातून ८ मिमीचं ड्रिल, म्हणजे फोमला पाणी लागत नाही आणि बोल्ट आवळताना बोर्ड चेपत नाही. वर पट्टी रुंद घे. बोल्टची डोकी पायाला लागतात ती लागतात.

आता जागा, कारण खरी चूक तिथे होते. फिन आहेत तिथे अजिबात नको. फिन पार मागे असतात, फॉइल तिकडे लावलं तर शेपटावर उभा राहशील तरच ते उचलेल. फार पुढे लावलंस तर घोड्यासारखं उधळेल आणि तू मागे. बोर्डावर अंगणातच उभा राहा, पायांच्या खुणा कर, मागचा पाय साधारण मास्टच्या वर आणि पुढचा विंग दोन पायांच्या मध्ये आला पाहिजे. आणि तिथे जाडी मोज. ट्रॅकचा बॉक्सच २५ मिमी खोल असतो, शेपटाकडे बोर्ड पातळ असेल तर खाली उरतं काय?

७ फूट २ इंच तर नकोच. हवेत उचलल्यावर पुढचं सगळं नाक लोंबतं, वळता येत नाही. नाहीतरी नाक फुटलंय, पुढून कापून साडेपाच फूट कर. कापल्यावर आतला फोम ओला दिसला तर आठवडाभर वाळव, २ पावसाळे पडवीत काढलेत त्याने.

भाट्येकर_७२
पेट्रोलचा थेंब टाकला. खड्डा पडला, डोळ्यांदेखत. म्हणजे थर्माकोलच, आणि तो फायबरवाला उद्या बोर्ड घेऊन ये म्हणत होता. मालवणी भाऊ, वाचवलंत. जिथे पाय येतात तिथे जाडी ६ सेंमी भरली. एक विचारायचं राहिलं, १६०० चा विंग मला पुरेल का? भाट्याला लाट काही मोठी नसते.

हर्णै_बंदर
लहान लाटेसाठीच तर फॉइल. उचल वेगाच्या वर्गात वाढते, वेग निम्मा झाला की उचल पावपट, म्हणून हळू लाटेवर विंग मोठा लागतो. ७५ किलोला १६०० शिकायला ठीक, २००० असता तर अजून सोपं गेलं असतं. आणि हे काही कालचं खूळ नाही बरं का, इटलीत फोर्लानिनीने १९०६ साली तलावावर फॉइलची बोट चालवून दाखवली, टेलिफोनवाल्या बेलच्या बोटीने १९१९ ला ताशी ११४ किमी गाठले. आपण आत्ता कुठे ट्रॅक कुठे लावू विचारतोय.

पण सुरुवात लाटेवर करू नकोस. खाडीत ओळखीच्या होडीमागे दोरी धरून, ताशी १५ च्या आसपास, भरती पूर्ण असताना. बोर्डाखाली पाऊण मीटर लोखंडी नांगर घेऊन फिरतोयस असं समज, कमरेएवढ्या पाण्यात विंग वाळूत रुतला की तू पुढे उडणार. भाट्याला ओहोटीला बघितलंयस ना किती लांब चालत जावं लागतं? कर्दे-मुरुडलाही तेच. आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही, जाळ्यात मास्ट अडकला तर जाळं फाटेल, आणि त्यांचं बोलणं ऐकून घ्यायला लागेल ते रास्तच असेल. हेल्मेट घाल. पडताना फॉइलपासून लांब उडी, बोर्ड पकडायला जाऊ नको, विंगची धार मांडी कापते.

घरी आल्यावर मास्टचे बोल्ट काढून गोड्या पाण्याने धू. अल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्यासकट ठेवलास तर महिन्याभरात एकजीव होतात, मी एकाचं डोकं तोडलंय. बोल्टना टेफ-जेल लाव, ती त्यासाठीचीच पेस्ट आहे.

कर्देकर
वेंगुर्ला, बोल्टचं पटलं, त्याच्या बोर्डाला तेच बरं. भाट्येकर, माझ्याकडे इपॉक्सी आणि कापड उरलंय, एच८० चा तुकडाही आहे, पट्टीखाली डेकमध्ये बसवू. शनिवारी दुपारी ये, संध्याकाळी थर लावू. आधी नाक कापून आण म्हणजे एसटीत मावेल.

भाट्येकर_७२
करवत काढलीय. आई खूश आहे, तिला वाटतंय एकदाचा फेकायला घेतला.