शब्दचर्चा : वर्षभराचा बीअरचा नेम

प्रश्न (पुण्याहून)

दर आठवड्याला एक नवी क्राफ्ट बीअर चाखायची, आधी चाखलेली पुन्हा धरायची नाही, आणि प्रत्येकीबद्दल मराठीत चार ओळी लिहून ठेवायच्या, असं मी गेल्या वर्षी ठरवलं होतं. ते वर्ष नुकतंच पूर्ण झालं. पुण्यात राहून हे करणं अवघड नाही. २००९ साली इथे डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बीअर बनवून विकणारं ठिकाण) सुरू झाली तेव्हा समोरच्या टाकीतली ताजी बीअर पेल्यात मिळणं हीच नवलाई होती. आता शहरात मायक्रोब्रुअरी बऱ्याच आहेत, आणि गोव्याला किंवा बंगळूरला गेलं की तिथल्या वेगळ्या.

त्या वहीवरून लेख लिहायला घेतला आहे आणि शीर्षकापासूनच शब्द अडतो आहे. 'चॅलेंज पूर्ण केलं' मला नको. 'आव्हान पेललं' म्हटलं की कुणीतरी समोरून ललकारल्यासारखं वाटतं. 'संकल्प सिद्धीस गेला' फार भारदस्त होतं. पुढे क्रियापदाचाही प्रश्न आहे. 'प्यायले' लिहू, 'घेतली' लिहू की 'चाखली'? आणि खरी गरज चवीच्या शब्दांची आहे. बीअरची मराठी वर्णनं 'कडू' या एका शब्दावर येऊन थांबतात, आणि वर्षभर मला जे लागलं ते एका शब्दाचं नव्हतं. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद (सांगलीहून)

ताई, तुमचा शब्द 'नेम' आहे. 'नियम' झिजून तो झाला. चातुर्मासात आपल्याकडे बायका-पुरुष जे धरतात तो नेम. त्यात कांदा-लसूण सोडणं येतं तसंच रोज एक अध्याय वाचणं, रोज दारात रांगोळी काढणं, वाती वळणंही येतं. म्हणजे नेम फक्त वर्ज्य करण्याचा नसतो, रोज काहीतरी करण्याचाही असतो. स्वतःच घालून घेतलेला, ठरलेल्या मुदतीचा, चुकला तर मनाला लागणारा. वर्षभर आठवड्याला एक हे त्यात तंतोतंत बसतं.

'आव्हान'बद्दल तुमचं बरोबर आहे. मूळ संस्कृत 'आह्वान', म्हणजे हाक मारणं, पुढे लढायला हाक मारणं. त्याला समोर कुणीतरी लागतो. (देवाला बोलावतात ते 'आवाहन'. वर्तमानपत्रांत या दोन्हींची रोज अदलाबदल होते, म्हणून इथेच सांगून ठेवतो.)

पूर्ण होण्याला मराठीत शब्दांची चंगळ आहे, पण प्रत्येकाची जागा वेगळी. 'सांगता' व्याख्यानमालेची, सप्ताहाची, महोत्सवाची होते. तो शब्द 'स-अंग' वरून आला, सगळ्या अंगांसह पार पडणं. त्याला चारचौघं लागतात. 'पारणं' उपासाचं फिटतं, आणि तुम्ही तर उपास केलेला नाही. 'इतिश्री' पोथीच्या शेवटच्या 'इति श्री…' वरून आली, पण आज तिच्यात काम घाईने गुंडाळल्याचा वास येतो. 'तडीस नेणं' मला फार आवडतो. तड म्हणजे काठ, प्रवाहात घातलेली नाव काठाला लावणं. आणि व्रत संपतं तेव्हा 'उद्यापन'. सोळा सोमवार झाले की सतराव्याला करतात ते. मला वाटतं, शीर्षकाला उद्यापन शोभेल.

प्रतिसाद (नागपूरहून)

उद्यापनाला माझी हरकत आहे, आणि ती मनापासून मांडतो. उद्यापन म्हणजे नुसता शेवट नाही. त्यात पूजा आहे, कुणाला तरी जेवायला बोलावणं आहे, दान आहे. माझ्या आईने हे सगळं ज्या निष्ठेने केलं ते पाहिल्यावर तो शब्द बीअरला लावलेला मला खुपेल. बीअर वाईट म्हणून नव्हे. त्या शब्दातलं देणं-घेणं इथे नाही म्हणून. शब्द उचलायचा तर त्याचा आशयही उचलता आला पाहिजे.

'नेम' मात्र खुशाल घ्या, त्याला देवघराची अट नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या फिरायला जाण्याचाही नेम असतो. 'नेम पुरा झाला' किंवा 'नेम तडीस नेला' पुरेसं आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काका, पटलं. उद्यापन सोडते, 'नेम' ठेवते.

प्रतिसाद (फोंड्याहून)

क्रियापदाबद्दल लिहिते. महाराष्ट्रात 'तुम्ही घेता का?' या प्रश्नात काय घेता हे कुणी विचारत नाही. 'आज बसायचं का?' यात कुठे आणि कशाला हेही सांगावं लागत नाही. पदार्थाचं नाव न घेता बोलायची ही सवय इतकी मुरली आहे की 'मी वर्षभर दर आठवड्याला घेतली' हे वाक्य कबुलीजबाबासारखं वाचलं जाईल. 'प्यायले'चंही तेच. पिणाऱ्या माणसाला मराठीत सरळ, साधं नाव नाही. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम शंभर वर्षांनंतरही मथळ्यांमध्ये सगळ्या पिणाऱ्यांचं नाव म्हणून वापरला जातो, मग तो माणूस अर्धा पेला घेणारा का असेना.

म्हणून 'चाखली' हेच बरोबर. चाखण्यात प्रमाण आपोआप येतं. थोडंसं, लक्ष देऊन, मत बनवण्यासाठी. बारमधल्या 'चकण्या'चं मूळही हेच, हिंदीतलं 'चखना'. चाखायचं क्रियापद गेलं शेंगदाण्यांकडे आणि पेल्याला उरलं नुसतं 'घेणं'. ते परत पेल्याकडे आणलंत तर आनंदच आहे.

आमच्याकडे गोव्यात या शब्दांना तेवढा संकोच नाही. माडाच्या ताडीला आम्ही 'सूर' म्हणतो. ही जुनी संस्कृत 'सुरा', आणि ती काढणारा रेंदेर. पूर्वी इडलीसारख्या सान्नांचं पीठ याच सुरेने आंबवत. 'फेणी'त फेण आहे, म्हणजे फेस. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केलं की उर्राक, पुन्हा केलं की फेणी. हे शब्द स्वयंपाकघरात, बाजारात, वडीलधाऱ्यांसमोर सहज उच्चारले जातात. जिथे पेय घरातलं असतं तिथे त्याची भाषाही घरातली होते.

प्रतिसाद (पिंपरीहून, बीअर बनवण्याच्या कामात असलेला)

चवीच्या शब्दांवर मला बोलायचंच आहे, कारण नेमका शब्द आला की माझं काम सोपं होतं.

सुरुवात 'कडू' आणि 'तुरट' यांच्यातल्या फरकापासून. मराठी माणसाला तो आवळा-कारल्यापासून माहीत असतो, पण बीअरच्या बाबतीत दोन्ही 'कडू'त कोंबले जातात. कडूपणा हॉप्स या वेलीचा. हॉप्सची फुलं तासभर धान्याच्या उकळत्या रसात राहिली की त्यांतली आम्लं बदलतात आणि कडवटपणा येतो. तीच फुलं शेवटच्या पाच मिनिटांत टाकली तर कडूपणा कमी आणि वास जास्त. तुरटपणा मात्र बहुतेक वेळा सातूच्या टरफलांतून येतो, धान्य धुवून घ्यायचं पाणी जास्त गरम झालं की. तेव्हा कुणी मला 'तुरट लागते' म्हणाला तर मी पाण्याचं तापमान तपासतो, 'फार कडू' म्हणाला तर हॉप्सचा हिशेब बघतो. एका शब्दाने मी वेगळ्या टाकीकडे जातो.

दुसरी त्रयी भाजण्याची. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, नाचणीचं सत्त्व करताना घरी जे करतात त्याचाच भाऊ. फिकट माल्ट साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वाळवतात, आणि स्टाउट या काळ्या बीअरसाठीची काळी भाजणी २०० अंशांच्या वर जाते. या सगळ्या पट्ट्यासाठी मराठीत पायऱ्या तयार आहेत. बीअरच्या प्रकारांत अँबर एल 'खमंग', ब्राऊन एल आणि पोर्टर 'खरपूस', आणि त्याच्याही पुढे गेलं की 'करपट'. चांगला स्टाउट खरपूसच्या टोकाला उभा असतो, करपट होत नाही. इंग्रजीत या तिन्हींना आम्ही 'रोस्टी' म्हणून मोकळे होतो आणि मग हातवारे करून समजावतो.

'आंबणं' जपून वापरा. इडलीचं पीठ आंबलं ही चांगली बातमी, कालची भाजी आंबली ही वाईट. बीअर सगळीच आंबवलेली असते, पण सगळी आंबट नसते. मुद्दाम आंबट केलेली असेल, गोझेसारखी, तर 'आंबट' किंवा 'आंबटसर' म्हणा. नको असलेला आंबटपणा असेल तर 'आंबूस' म्हणा, तो शब्द तक्रारीचाच आहे. जुनी होऊन ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागला तर 'शिळी'. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीत उजेड लागून हॉप्स बिघडले तर मी 'विटलेली' म्हणतो, कारण रंग विटतो आणि वरणही विटतं.

बाकी एक विनंती. लेखात 'भट्टी' घालू नका. 'भट्टी जमली' हा वाक्प्रचार छान आहे, पण 'हातभट्टी' म्हटलं की बेकायदा गाळलेली दारू डोळ्यांसमोर येते. आम्ही काहीही गाळून काढत नाही. रस उकळतो, थंड करतो, यीस्ट घालतो, आणि वाट बघतो.

प्रतिसाद (बांबेर्ग, जर्मनीहून)

इथे राहून मला एक शब्द मिळाला आहे तो देतो. आमच्या गावात सातू बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवून बीअर करतात, राउखबीअर. श्लेंकेर्ला या ब्रुअरीची सगळ्यांत प्रसिद्ध. पहिल्यांदा चाखली तेव्हा चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या सालीचा वास आला. पण तिला 'धुरकट' म्हणवेना, कारण धुरकट म्हणजे दूध धुरावर गेलं आणि बिघडलं. इथे धूर मुद्दाम दिलेला आहे. आपल्याकडे निखाऱ्यावर तूप टाकून भांडं झाकतात त्याला 'धुंगार देणं' म्हणतात. राउखबीअर ही धुंगारलेली बीअर.

दिसण्याचेही शब्द घ्या. १८४२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन्यात पहिली पिल्सनर झाली तेव्हा लोकांना तिच्या सोनेरी स्वच्छपणाचं अप्रूप वाटलं. तिला 'निवळशंख' म्हणावं. उलट गव्हाची बीअर किंवा बेल्जियमची धणे आणि संत्र्याची साल घातलेली विटबीअर तळ दिसू देत नाही. तिला 'गढूळ' म्हटलं की पावसाळ्यातली नदी आठवते, म्हणून मी 'पिठूळ' म्हणतो. तो पिठूळपणा बराचसा गव्हातल्या प्रथिनांचा आणि तरंगत्या यीस्टचा असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यांच्या यादीत 'प्रसन्ना' आहे. 'प्रसन्न'चा मूळ अर्थ निवळलेलं, स्वच्छ. म्हणजे आपल्याकडे पेयाच्या स्वच्छतेला इतका सुंदर शब्द होता, आणि तो आता फक्त चेहऱ्याला उरला.

प्रतिसाद (सांगलीहून)

आयुर्वेदातून आणखी एक. जिभेला आधी स्पष्ट कळतो तो 'रस', आणि मागून हलकेच उमटतो तो 'अनुरस'. मध मधुर, त्याचा अनुरस कषाय, म्हणजे तुरट. घोट गिळल्यावर जे रेंगाळतं त्याला 'अनुरस' म्हणा. फक्त तिथल्या 'कटु'ला भुलू नका. तो मिरी-सुंठीचा तिखटपणा आहे. कडुनिंबाचा रस तिथे 'तिक्त'. संस्कृत कटु मराठीत 'कडू' होईपर्यंत चवच बदलून बसला.

प्रतिसाद (नागपूरहून)

आणि दाटपणासाठी 'अंगासरसा' आहे. 'उसळीला अंगासरसा रस ठेवावा' म्हणतात ना, तसा. स्टाउट अंगासरशी, आणि तिच्या उलट 'पाणचट'. मी बीअर चाखत नाही, पण हा शब्द वाया जाऊ नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीतली कोकमाच्या बीअरची नोंद या शब्दांत पुन्हा लिहून पाहिली : "कोकम आणि मीठ घातलेली गोझे. फिकट गुलाबी, पिठूळ, फेस लवकर बसतो. आधी आंबट, मग खारट, हॉप्सचा कडूपणा जवळजवळ नाही. अंगाला पातळ पण पाणचट नाही. अनुरस तुरट, आणि इथे तो कोकमाचा, म्हणून हवासा." पहिल्या खेपेला याच बीअरपुढे मी 'सोलकढीची आठवण' एवढंच लिहिलं होतं.

एक शेवटचं विचारते. लिंगाचं काय करू? 'तो स्टाउट' की 'ती स्टाउट'? वरच्या प्रतिसादांत दोन्ही आले आहेत.

प्रतिसाद (फोंड्याहून)

ती. दारू, ताडी, फेणी, व्हिस्की, रम, वाइन, सगळ्या मराठीत स्त्रीलिंगी आहेत, आणि बीअरही. स्टाउट, पिल्सनर, आयपीए (इंडिया पेल एल) यांच्या मागे 'बीअर' हा शब्द गृहीत आहे, म्हणून 'ती'. मग बहुवचनही सरळ होतं : स्टाउट आवडल्या, पिल्सनर आवडल्या, आयपीए तेवढ्या जमल्या नाहीत.

प्रतिसाद (पिंपरीहून)

ती मान्य. आयपीए जमल्या नाहीत, हे मात्र तुम्ही माझ्याकडची ताजी चाखल्यावर पुन्हा सांगा.