पॅच ॲरेचा गेन हिशेबापेक्षा कमी का भरतो?

प्रश्न (परभणी)

नमस्कार. गोदाकाठच्या आमच्या घराच्या माळवदावरून 4 किलोमीटरवरच्या शेतातल्या आखाड्यापर्यंत वायरलेस जोडणी न्यावी आणि विहिरीवरची मोटर घरूनच पाहता यावी, या हेतूने मी 5.8 गिगाहर्ट्झसाठी 16 पॅचचा (पॅच म्हणजे अँटेनाचे काम करणारा तांब्याचा चपटा तुकडा), 4 बाय 4 मांडणीचा ॲरे, म्हणजे एकत्र जोडलेला अँटेनासमूह, 1.6 मिलिमीटर जाडीच्या एफआर-4 या नेहमीच्या सर्किट बोर्डावर तयार केला आहे. दोन पॅचमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे, म्हणजे 26 मिलिमीटर आहे. एका पॅचचे 6 आणि सोळा पटींचे 12 मिळून 18 डीबीआय गेन (सगळीकडे सारखे प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत एका दिशेला मिळणारी वाढ, डेसिबलमध्ये) अपेक्षित होते, प्रयोगशाळेत 12.5 भरले. रिटर्न लॉस (परत फिरणारी ऊर्जा दिलेल्या ऊर्जेपेक्षा किती कमी, याचे माप) 20 डेसिबलच्या वर असल्याने मॅचिंगमध्ये, म्हणजे केबल आणि अँटेनाच्या जुळणीत, दोष दिसत नाही. मग साडेपाच डेसिबल गेले कुठे?

उत्तर 1

चांगल्या रिटर्न लॉसवर विसंबू नका, कारण बोर्डात उष्णता होऊन जिरलेली ऊर्जाही कनेक्टरकडे परत येत नाहीच. या वारंवारतेला एफआर-4 वरील मायक्रोस्ट्रिप लाइन (बोर्डावर कोरलेली, सिग्नल नेणारी तांब्याची पट्टी) दर सेंटीमीटरला सुमारे 0.2 डेसिबल खाते. मधोमध फीड (पॅचना सिग्नल पुरवणारी जोडणी) दिला तरी कोपऱ्यातल्या पॅचपर्यंत जवळपास 8 सेंटीमीटर जावे लागते, म्हणजे दीड डेसिबल तिथेच गेले. पॅचखालचा तोच बोर्ड आणखी अडीच-तीन डेसिबल घेतो. पॅच चौपट केले की गेन 6 डेसिबलने वाढतो, पण लाइनची लांबीही दुपटीहून जास्त होते. 256 पॅचपर्यंत गेलात तर नव्या 6 पैकी चारेक डेसिबल फीडच गिळेल.

मोठ्या ॲरेंवरचे अलीकडचे बरेचसे काम या एकाच अडचणीभोवती फिरते. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाचे पेर-सिमोन किल्डाल यांनी 2009 साली मांडलेल्या गॅप वेव्हगाइडमध्ये तरंग दोन धातूच्या पत्र्यांमधील हवेतून जातो आणि भोवती दाटीने उभ्या केलेल्या खिळ्यांमुळे, पत्रे एकमेकांना टेकलेले नसतानाही, बाहेर झिरपत नाही. रिफ्लेक्टॲरेमध्ये, म्हणजे आरशासारखा तरंग परतवणाऱ्या पॅचच्या ॲरेमध्ये, फीडच्या लाइनच नसतात. समोरचा हॉर्न (कर्ण्याच्या आकाराचा अँटेना) सगळ्या पॅचवर हवेतून प्रकाशझोतासारखा तरंग टाकतो. 5जीच्या मॅसिव्ह मायमो (एकाच वेळी अनेक झोत टाकणाऱ्या, बऱ्याच पॅचच्या) अँटेनात ॲम्प्लिफायर पॅचच्या गटांजवळच बसवतात, त्यामुळे त्यापुढची लाइन आखूड राहते.

उत्तर 2 (लातूर)

वरील उत्तर बरोबर आहे, मात्र मूळ हिशेबही तपासावा. 26 मिलिमीटर अंतर ठेवल्याने आपल्या ॲरेचे क्षेत्रफळ दोन बाय दोन तरंगलांबी एवढेच होते आणि तेवढ्या क्षेत्रातून आदर्श स्थितीतही 17 डीबीआयच निघतात. आपला झोत फिरवायचा नसल्याने अंतर 39 मिलिमीटर करून पाहा. त्याने मर्यादा 20.5 पर्यंत जाते. पूर्ण तरंगलांबीच्या जवळ मात्र जाऊ नका, नाहीतर नको त्या दिशांना ग्रेटिंग लोब (मुख्य झोतासारखे जादा झोत) उभे राहतील. फीड लांबणारच असल्याने बोर्ड कमी लॉसचा घ्यावा. झोत साधारण 17 अंशांचा होईल, तेव्हा माळवदावरचा खांब ताण देऊन पक्का करा. मृगाआधीच्या वावधानात तो हलला तर जोडणी तुटेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. परत न आलेली ऊर्जा म्हणजे प्रक्षेपित झालेली ऊर्जा, असेच मी धरून चाललो होतो. आता 39 मिलिमीटरचा नवा आराखडा काढतो आणि त्यातल्या फीडएवढ्याच लांबीची नुसती लाइन वेगळी कोरून तिचा लॉस आधी मोजतो.