लाल दिव्यावर उजवीकडे: तुमच्या गावात काय चालतं?

पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आलेय. लायसन्स मिळालं, गाडीही आली, पण उजव्या लेनमध्ये असताना सिग्नल लाल झाला की पंचाईत: थांबून राहायचं की वळायचं? आपल्याकडे 'फ्री लेफ्ट' म्हणत निघून जायची सवय. इथे कोपऱ्यातल्या खांबावर कॅमेरा आणि मागे हॉर्न. आपापल्या गावचे अनुभव लिहा, अमेरिकेबाहेरचेही चालतील. 'जपून चालव गं' नको, ते आई रोज सांगते.

फ्रीमाँटच्या शेजारून, जुनी रहिवासी:
वळता येतं. पण स्टॉप लाइनच्या अलीकडे चाकं पूर्ण थांबवायची, चालणाऱ्यांना आणि हिरव्यातून येणाऱ्या गाड्यांना जाऊ द्यायचं, मग वळायचं. रेषा नसेल तर झेब्र्याच्या अलीकडे. 'नो टर्न ऑन रेड' पाटी असेल तर विषयच संपला. लालमध्ये वळल्याबद्दल कॅमेऱ्याचं काही म्हणणं नसतं, न थांबता सरकल्याबद्दल असतं. आमच्या शेजारच्या काकांना दंडाचं पत्र आलं तेव्हा ते तावातावाने सांगत होते, "अहो, ब्रेक मारला होता मी!" मारला होताच. ऑनलाइन व्हिडिओ पाहिला: ब्रेकचे दिवे लागलेत, गाडी आता थांबणार असं वाटतं, आणि मागचं चाक काही फिरायचं थांबत नाही. सोबतच्या फोटोत काका स्टिअरिंगवर, मान पूर्ण डावीकडे. उजव्या हाताला झेब्र्यावर कोण आहे ते त्यांनी बघितलंच नव्हतं. साधारण २४० डॉलर गेले. सरळ सिग्नल तोडला असता तर ४९० च्या घरात. शिवाय लायसन्सवर चुकीचा एक पॉइंट. ट्रॅफिक स्कूल (वाहतुकीच्या नियमांचा वर्ग) केल्यामुळे तो इन्शुरन्सवाल्यांपर्यंत गेला नाही.
अजून एक. पत्र आलं की आधी त्यावर कोर्टाचं नाव-पत्ता आहे का ते बघ. 'कोर्टाशी संपर्क करू नका' असं छापलेलं असेल तर ते तिकीट नव्हे. गाडी कोण चालवत होतं हे काढून घेण्यासाठी पोलिसांनी धाडलेलं पत्र असतं ते. लोक घाबरून बायकोचं नाव लिहून मोकळे होतात.

शिकागोहून:
आमच्याकडे चालवणाऱ्याचा चेहरा कोणी बघत नाही. नंबर प्लेट ज्याची, त्याला १०० डॉलर. पॉइंट नाहीत, पण मुदतीत भरले नाहीत तर २०० होतात. मित्राला गाडी दिली, तो भारतात परत गेला आणि नोटीस माझ्या नावावर आली. मैत्री टिकली, १०० डॉलर गेले. दुसरी कटकट हिवाळ्याची. बर्फाखाली स्टॉप लाइन दिसतच नाही, कॅमेऱ्याला मात्र ती कुठे आहे ते पक्कं माहीत. मी रेषा न शोधता सिग्नलच्या खांबापासून चांगला मागे थांबतो. मागचे वैतागतात, वैतागू देत.

क्वीन्स, न्यू यॉर्क:
शहरात लालमध्ये उजवीकडे वळणं बंद. इतर ठिकाणी 'वळू नका' अशी पाटी शोधायची, इथे 'वळा' अशी पाटी असेल तरच वळायचं. तशा थोड्या शहरातल्याच स्टॅटन आयलंडला आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनचे पाहुणे आले की हा उलटा हिशोब त्यांना पटतच नाही. कॅमेऱ्याचा दंड ५० डॉलर, पॉइंट नाहीत.

एडिसनचे पाहुणे :)
आमच्याकडचे कॅमेरे प्रायोगिक होते, ते २०१४ च्या डिसेंबरात बंद झाले. पोलीस मात्र चालू आहेत.

डॅलसहून:
टेक्सासने २०१९ मध्ये कायदा करून लाल दिव्याचे कॅमेरेच बंद केले. थांबून वळायचा नियम तोच. जुने खांब बघून नवे लोक अजून दचकतात.

ह्यूस्टन, निवृत्त:
हे वळण सगळीकडे आलं ते १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईतून. पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत तोवर बंदी होती. लाल दिव्यापाशी इंजिन चालू ठेवून उभं राहण्यात पेट्रोल जळतं म्हणून १९७५ च्या ऊर्जा कायद्याने राज्यांना मिळणाऱ्या केंद्राच्या पैशाला हे वळण चालू करण्याची अट जोडली. सगळ्यात शेवटी मॅसॅच्युसेट्स, १९८० साली. म्हणजे नियम आला पेट्रोलसाठी, चालणाऱ्यांचा विचार नंतर. माझं मत आहे, न्यू यॉर्कचं बरोबर आहे.

मुलाकडे येऊन-जाऊन असणारी आजी:
मी गाडी चालवत नाही, नातवाची बाबागाडी ढकलते. चालायचा दिवा लागला तरी आधी उजव्या लेनमधल्या ड्रायव्हरचे डोळे बघते. त्याने माझ्याकडे बघितलं की मगच पाऊल टाकते. वरच्या काकांसारखी मान डावीकडे असेल तर जाऊ दे बाबा तू.

फ्लोरिडाला फिरायला गेलेले:
भाड्याची गाडी असेल तर जपा. भावाने पिवळ्याचा लाल होताना गाडी सरळ घातली. दंड १५८ डॉलर, वर गाडीवाल्या कंपनीने 'कागदपत्रांचा खर्च' म्हणून कार्डावरून परस्पर वेगळे कापले. दंडाचं समजू शकतो, पण एक पत्र पुढे पाठवायचे एवढे पैसे?

टोरोंटो:
कॅमेऱ्याचा दंड ३२५ कॅनेडियन डॉलर, गाडीच्या मालकाला, पॉइंट नाहीत. लालमध्ये थांबून उजवीकडे चालतं. मॉन्ट्रियलच्या बेटावर अजिबात नाही, उरलेल्या क्वेबेकमध्ये २००३ पासून चालतं. लाँग वीकेंडला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

श्टुटगार्ट:
इथे लाल म्हणजे लाल. अपवाद फक्त सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी असेल तिथे, आणि तिथेही आधी थांबायचंच. पाटी पूर्व जर्मनीची, १९७८ ची. एकत्रीकरणानंतर १९९४ पासून देशभर. लाल तोडला तर ९० युरो आणि एक पॉइंट. लाल लागून एक सेकंद उलटून गेल्यावर तोडलात तर २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. तो सेकंद कॅमेरा मोजतो, वाद घालायला जागा नाही.

दुबई:
लाल तोडला तर १००० दिरहॅम दंड, लायसन्सवर १२ काळे पॉइंट, गाडी ३० दिवस जप्त. उजवीकडे जायला बहुतेक ठिकाणी सिग्नलबाहेरून वेगळी लेन असते, ती वापरा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार, आजींचे जास्त. एक राहिलं: गोल लाल दिव्याऐवजी उजवीकडचा लाल बाण असेल तर?

सिअ‍ॅटलहून:
कॅलिफोर्नियात लाल बाणावर वळायचं नाही, थांबूनसुद्धा नाही. आमच्या वॉशिंग्टन राज्यात पाटी नसेल तर थांबून वळता येतं. आणि एकेरी रस्त्यावरून एकेरी रस्त्यावर जाताना, बाण नसून गोल लाल असेल तर, तुमच्याकडे डावीकडेही थांबून वळता येतं. न्यू जर्सीत मात्र लालमध्ये डावीकडे वळता येत नाही.